पंधरा यार्डांची शिक्षा

उल्हास तारळेकर साताऱ्याहून मिशिगनला आला, तेव्हा फुटबॉल पायाने खेळतात अशीच त्याची समजूत होती. ट्रॉयमधल्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली. नवी गाडी भिंतीवर नेऊन आदळायची आणि आत बसवलेल्या पुतळ्याच्या मानेला किती झटका बसला ते मोजायचं, असं त्याचं काम. सोमवारी सकाळी लॅबमधले सगळे रविवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचबद्दल तावातावाने बोलायचे आणि हा कॉफीचा कप धरून नुसता हसत उभा राहायचा. मग एकदा कुणीतरी त्याला स्टेडियमवर नेलं. हजारो माणसांबरोबर घसा बसेपर्यंत ओरडून तो घरी आला आणि बायकोला, सुनेत्राला, म्हणाला की या देशात आल्यापासून आज पहिल्यांदाच 'तू मूळचा कुठला' असं मला कुणी विचारलं नाही. शेजारच्या अनोळखी माणसाने तर त्याला उचलूनच घेतलं होतं.

डेट्रॉइटची टीम तेव्हा हरण्यासाठीच प्रसिद्ध होती. उल्हासचा जीव तिच्यात अडकला तो कायमचा. मुलगा देव चालायला लागला तेव्हापासून त्याला टीमचा निळा स्वेटर असे. देव वाढला तोही असा की सातवी-आठवीतच बापापेक्षा वीतभर उंच झाला आणि खांदे दारात अडकतील की काय असे. शाळेच्या कोचने त्याला टीममध्ये मागून घेतलं. सुनेत्रा फार्मासिस्ट. रोज वेदनाशामक गोळ्या देणारी बाई ती. ती म्हणाली, पोहायला पाठव, टेनिसला पाठव, पण हे नको. बापलेकांनी मिळून तिला गप्प केलं.

पुढे एका लहानशा कॉलेजच्या टीममध्ये देवला जागा मिळाली. पाठीवर 'तारळेकर' लिहिलेलं असायचं आणि लाउडस्पीकरवरचा माणूस दर वेळी त्या नावाला ठेच लागून पडायचा. उल्हास एकही मॅच चुकवत नसे.

देव तिसऱ्या वर्षाला असताना त्यांची टीम एका मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर खेळायला गेली. त्या विद्यापीठाचा हिरो होता पहिल्याच वर्षाचा ब्रॉडी हेल्म. तो वाइड रिसीव्हर. म्हणजे दूर पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू हवेत झेलणारा. पण चेंडू दुसऱ्या कुणाकडे असला की रिसीव्हरनेही समोरच्यांना अडवायचं, धडक द्यायची, असं असतं. खेळाच्या उत्तरार्धात त्यांचा एक जण चेंडू काखेत मारून कडेने निघाला. देव त्याच्या मागे धावला. त्याची नजर चेंडूवर होती, तशी ती असायलाच हवी होती. दुसऱ्या कडेने हेल्म उलट दिशेने धावत आला, पूर्ण वेगात, खांदा खाली घालून, आणि त्याने देवला मानेच्या आणि खांद्याच्या मधोमध उडवलं.

तो आवाज उल्हास बसला होता त्या रांगेपर्यंत आला. देव जमिनीला लागला तेव्हा त्याचा डावा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा अंगाखाली मुडपला होता. हेल्म त्याच्या डोक्याशी उभा राहिला, दोन्ही दंड फुगवून त्याने प्रेक्षकांकडे पाहिलं आणि मैदान गरजलं. पंचाने पिवळं फडकं टाकलं. शिक्षा म्हणून हेल्मच्या टीमला पंधरा यार्ड मागे जावं लागलं. त्याबद्दल प्रेक्षकांनी पंचाला शिव्या घातल्या.

देवच्या हाताकडे जाणाऱ्या नसा मणक्यापासून मुळासकट उपटल्या गेल्या होत्या. ऑपरेशनं झाली. पायातल्या नसा काढून खांद्यात घालून पाहिल्या. हात काही परत आला नाही. खांद्यापासून तो लोंबत असे. देव सकाळी उठल्यावर उजव्या हाताने त्याला उचलून जॅकेटच्या खिशात ठेवायचा.

नवल म्हणजे सगळ्यांत आधी सावरला तो देवच. त्याने डिग्री पूर्ण केली आणि ट्रॉयमधल्याच एका शाळेत मुलांना खेळ शिकवायला लागला. रविवारी बापलेक पूर्वीसारखेच टीव्हीपुढे बसत. सुनेत्रा मात्र मॅच चालू असली की त्या खोलीत पाऊलही टाकत नसे. त्या धडकेचा व्हिडिओ इंटरनेटवर होता. उल्हासने तो कधी उघडला नाही. दिवसभर लॅबमध्ये तो माना मोडताना बघायचा, अगदी संथ गतीने, पुढेमागे करून. पण तो एक व्हिडिओ त्याला झेपला नसता.

एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू प्रत्येक टीम आळीपाळीने निवडते आणि सगळा देश ते टीव्हीवर लग्नासारखं बघतो. त्या वर्षी पहिल्या फेरीत डेट्रॉइटचा नंबरच नव्हता, दुसऱ्या फेरीत होता, शुक्रवारी संध्याकाळी. बिग बीव्हर रोडवरच्या एका बारमध्ये मोठा पडदा लावला होता. उल्हास आणि देव गेले. बरोबर केदार होता. केदार पुण्याचा, आयटीतला, उल्हासला काका म्हणणारा, आणि या खेळाचं नवीनच वेड लागलेला.

बाहेर अजून लख्ख उजेड होता आणि आत निळ्या जर्सींची गर्दी. सगळ्यांना एकच हवं होतं: डिफेन्सला एखादा राक्षस. मागच्या मोसमात टीम डिफेन्सपायीच हरली होती. शेजारच्या टेबलावर रिक नावाचा एक आडदांड माणूस मित्रांबरोबर बसला होता. ट्रक चालवायचा, गाड्यांचे सुटे भाग पोचवायचा. मोकळा माणूस होता. देवला एका हाताने खुर्ची ओढायला नीट जमत नाही हे बघून त्याने न बोलता आपल्या टेबलावरची खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली होती आणि आपल्या बशीतल्या तळलेल्या कांद्याच्या चकत्याही पुढे केल्या होत्या. उल्हासशी तो जुन्या पराभवांबद्दल हसून हसून बोलला.

नंबर आला. स्टेजवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली. वाइड रिसीव्हर, ब्रॉडी हेल्म.

उल्हासला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने देवकडे पाहिलं. देव पडद्याकडे बघत होता, चेहरा कोरा.

बारमध्ये शिव्यांचा पाऊस सुरू झाला. पुन्हा रिसीव्हर? रिसीव्हर काय चाटायचाय? कुणी चिकनची हाडं पडद्यावर फेकली. रिकने जर्सी काढून जमिनीवर आपटली आणि टीमच्या मॅनेजरला नोकरीवरून काढा म्हणून ओरडला. एक जण टेबलावर चढून पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. उल्हासला त्या गोंधळाचं एक प्रकारे बरंच वाटलं. कारण काही का असेना, या माणसांनाही हेल्म नको होता.

मग पडद्यावर हेल्मचे गाजलेले क्षण दाखवायला लागले. एका हाताने घेतलेला झेल, कडेवरून मारलेली उडी. लोक कुरकुरत होते, पण बघत होते. आणि मग ते आलं.

त्यांनी ते तीनदा दाखवलं. एकदा सरळ, दोनदा संथ गतीने. उल्हासने पहिल्यांदाच पाहिलं की हेल्म आदळण्याआधी देवची मान दुसऱ्या बाजूला वळलेली होती, पूर्ण उघडी. धडक बसल्यावर देवचं डोकं एकीकडे गेलं आणि खांदा दुसरीकडे, आणि मधलं अंतर इतकं वाढलं की लॅबमधल्या कुठल्याही पुतळ्याच्या मानेतली तार तुटली असती. भिंतीएवढ्या पडद्यावर 'तारळेकर' ही अक्षरं फिरत खाली गेली.

"ओऽऽ!" सगळा बार एका आवाजात ओरडला. तीनही वेळा ओरडला, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त खुशीत. अचानक सगळ्यांना हेल्म आवडला. असा पाहिजे, असा पाहिजे, म्हणून माणसं एकमेकांच्या छातीवर छाती आपटायला लागली. जो टेबलावर पाठ करून उभा होता तो वळून नाचू लागला.

रिकही उठला. जमिनीवरची जर्सी त्याने उचलून डोक्यावरून घातली. मग मित्रांकडे तोंड करून, त्याने हेल्मसारखा खांदा खाली घातला, हवेत धडक मारली आणि लगेच देव झाला. डोळे पांढरे केले, डावा हात लुळा सोडला आणि तो लोंबता हात हलवत खुर्चीवर कोसळला. मित्र हसून हसून लोळले.

देव म्हणाला, "बाबा, लेट्स गो."

उल्हासने ते ऐकलं होतं. नंतर वकिलाने विचारलं, पोलिसांनी विचारलं, तेव्हाही तो म्हणाला की हो, मी ऐकलं होतं. टेबलावर बिअरचा पिचर होता, काचेचा, जाड बुडाचा, निम्मा भरलेला. त्याने तो कानाला धरून उचलला, दोन पावलं टाकली आणि हसून मागे वळत असलेल्या रिकच्या तोंडावर बाजूने हाणला.

पिचर फुटला नाही. फुटलं ते रिकच्या गालाचं हाड. ते मोडल्याचं उल्हासला मनगटापर्यंत जाणवलं. रिक आवाज न करता टेबलावर पडला. उल्हासने पुन्हा हाणलं आणि या खेपेला काच फुटली. पिचरचा कान हातात राहिला, बाकीचं रिकच्या डोळ्याशी घुसलं. बिअर आणि रक्त एकत्र होऊन कांद्याच्या बशीत साचलं. उल्हासने तो कानही मारायला उचलला होता.

मग रिकचे मित्र त्याच्यावर पडले. कुणीतरी पोटात गुडघा घातला, कुणीतरी केस धरून त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. त्याचे पुढचे दोन दात गेले. खाली पडल्यावर बरगड्यांवर बूट बसू लागले आणि आतून फांदी मोडावी तसा आवाज आला. देव मध्ये घुसला. एकाला त्याने कोपराने नाक फोडून मागे टाकलं. दुसऱ्याने त्याचा डावा हात धरून पिरगळला, दुखेल म्हणून वाट पाहिली आणि काहीच होत नाही हे बघून तो माणूस घाबरून हातच सोडून उभा राहिला. तेवढ्यात देवने त्याच्या गळ्यावर ठोसा मारला. केदार खुर्ची पुढे धरून "काका उठा, काका उठा" एवढंच मराठीत ओरडत होता. पोलीस आले तेव्हा पडद्यावर पुढच्या टीमचा नंबर लागला होता.

दुसऱ्या दिवशी जामीन झाला. सुनेत्रा गाडी चालवत होती. देव मागे बसला होता. उल्हासचं तोंड सुजून बंद झालं होतं, तरी तो फुटक्या ओठांतून म्हणाला की त्याने तुझी नक्कल केली, देव. तुझ्या हाताची.

देव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ही वॉझन्ट लुकिंग, बाबा."

उल्हासला वाटलं तो हेल्मच्या धडकेबद्दल बोलतोय, की 'मी बघत नव्हतो'. पण देव 'तो' म्हणाला होता. पिचर बसला तेव्हा रिक बघत नव्हता. उल्हासला ते कळायला घरापर्यंतचा रस्ता लागला, आणि कळलं तेव्हा त्याने सुनेत्राला गाडी कडेला घ्यायला सांगितलं, दार उघडून तो गवतात ओकला. बरगडी मोडलेली, त्यामुळे ओकताना तो गुरासारखा ओरडत होता. सुनेत्राने उतरून त्याचं डोकं धरलं. देव उतरला नाही.

बारमधल्या कुणीतरी सगळं फोनवर घेतलं होतं. रविवारपर्यंत ते लाखो लोकांनी पाहिलं. कुणीतरी देवच्या जर्सीवरच्या नावावरून धागा लावला आणि हेल्मची धडक व उल्हासचा पिचर शेजारी शेजारी लावून फिरवलं. केदारने बघू नका म्हणून सांगितलं होतं. उल्हासने बाथरूममध्ये बसून बघितलं. डावीकडे हेल्म, उजवीकडे तो. दोघांचाही खांदा सारखाच खाली जात होता. समोरची माणसं दोन्हीकडे बेसावध होती. खालच्या शेऱ्यांमध्ये निम्म्या लोकांनी त्याला मारायची, जाळायची, परत पाठवायची भाषा केली होती. बाकीच्यांना तो भलताच आवडला होता. म्हाताऱ्याला टीममध्ये घ्या, असं ते लिहीत होते. काय हाणलंय. पुन्हा दाखवा. त्या शेऱ्यांनी त्याला धमक्यांपेक्षा जास्त घाबरवलं.

हेल्मलाही पत्रकारांनी विचारलं. तो म्हणाला, फुटबॉल आहे, असं होतं, मी त्या मुलासाठी प्रार्थना करतो. मुलाचं नाव काय, असं कुणीतरी विचारलं तर त्याला आठवेना. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने कानात सांगितलं, तरी ते त्याला म्हणता आलं नाही.

कंपनीने उल्हासला घरी बसवलं. मे महिन्यात एका दुपारी तो मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होता. काही नाही तर हात गुंतलेले राहावेत म्हणून. पुढून काच फुटल्याचा आणि पाठोपाठ सुनेत्राचा आवाज आला. फावडं हातात तसंच घेऊन तो घराला वळसा घालून धावला.

दिवाणखान्याची मोठी काच दगडाने फुटून खाली आली होती. सुनेत्रा आत उभी होती, कपाळावरून रक्त डोळ्यात जात होतं, आणि ती हाताने बाहेर दाखवत होती. रस्त्यावर एक लाल पिकअप होता, टीमचा निळा झेंडा लावलेला. देव अनवाणी त्याच्यामागे गेला होता. पिकअप सुटायच्या आत त्याने खिडकीतून उजवा हात घालून ड्रायव्हरचा गळा पकडला होता. गाडी सरकत होती, देव तिच्याबरोबर फरफटत होता, पायाची सालटी डांबरावर निघत होती, पण पकड सुटत नव्हती. आतला माणूस जांभळा पडला होता. पलीकडच्या सीटवरचा दुसरा बाटलीने देवच्या डोक्यावर मारत होता, एकदा, पुन्हा, पुन्हा, आणि देवला ते लागतच नसावं.

उल्हास गाडीसमोर आला. फावडं दोन्ही हातांनी वर उचलून त्याने समोरच्या काचेवर घातलं. काचेचं जाळं झालं आणि गाडी गचका देऊन थांबली. पण देवने गळा सोडला नाही. तो आता दार उघडून आत शिरू पाहत होता, आणि त्याच्या तोंडून जो आवाज येत होता तो उल्हासने कधी ऐकला नव्हता. बाटलीवाला माणूस आता रडत, सोड त्याला, मरेल तो, असं म्हणत होता.

उल्हासने फावडं टाकलं आणि देवला मागून कव घातली. पोराला त्याने कशी ताकद लावून ओढलं त्यालाच ठाऊक. दोघे डांबरावर पडले. देव उठायला लागला तसा उल्हास त्याच्या अंगावर आडवा झाला आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं छातीशी आवळून धरलं. देवने आपल्या एका मुठीने बापाला मारायला सुरुवात केली. बरगड्यांवर, नुकत्याच सांधत आलेल्या बरगड्यांवर, मग कानावर, मग नाकावर. उल्हासच्या नाकातून रक्ताची धार लागून ती देवच्या केसांत जात होती. पिकअप मागे मागे जाऊन वळला आणि निघून गेला. देव मारत राहिला. उल्हास त्याला एवढंच म्हणत होता, "मार. मला मार. पण उठू नकोस."

शेवटी मूठ सैल पडली. देव म्हणाला की मी त्याला मारून टाकणार होतो. त्याला एवढ्या चांगल्या मराठीत बोलताना उल्हासने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी आपापल्या दारात उभे होते. सुनेत्रा कपाळाला टॉवेल लावून बाहेर आली, दोघांच्या शेजारी रस्त्यावरच बसली आणि कुणाला कुठे लागलंय ते चाचपायला लागली.

त्या दिवसापासून देव बापाशी नीट बोलायला लागला. माफी त्याने मागितली नाही, उल्हासनेही मागितली नाही.

उल्हासने खटला लढवला नाही. वकील म्हणत होता की ज्युरीतल्या प्रत्येकाला मुलं असतील, तुम्हाला सहानुभूती मिळेल. उल्हास म्हणाला, मला ती नकोय. त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षेच्या दिवशी कोर्टात रिकला बोलायची संधी मिळाली. त्याच्या डाव्या डोळ्यावर पांढरट पडदा होता आणि गाल आत गेलेला. तो शांतपणे बोलला. त्या डोळ्याने आता दिसत नाही, त्यामुळे मोठ्या ट्रकचं लायसन्स गेलं. मुलीला सॉफ्टबॉल शिकवायचो, आता डावीकडून आलेला चेंडू माझ्या तोंडावर आदळतो आणि ती घाबरते. मग त्याने पहिल्यांदा उल्हासकडे पाहिलं.

"मला माहीत नव्हतं तो तुझा मुलगा आहे," तो म्हणाला. "तो माझ्या शेजारी बसला होता. मी त्याला खायला दिलं होतं. तू मला नुसतं सांगायला हवं होतंस. एक शब्द पुरला असता."

उल्हास उभा राहिला आणि म्हणाला, हो. न्यायाधीशबाईंनी त्याला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात काही महिने आणि नंतर देखरेख अशी शिक्षा दिली. बाहेर पडताना रिकने हात पुढे केला नाही. देव त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला. रिकने मान हलवली आणि तो गेला. काय बोललास असं उल्हासने देवला कधी विचारलं नाही.

तुरुंगात सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला होता. तिथे त्याचं नाव पडलं पिचर. तो सगळ्यांत म्हातारा, बोबडा, दोन दात नसलेला आणि डाळ मिळत नाही म्हणून बटाटे खाऊन राहणारा माणूस. तरीही मोठमोठे गुंड त्याला रांगेत पुढे जागा द्यायचे. त्याला ते नको असायचं. पण कसं नाकारायचं ते कळत नसे.

मोसम सुरू झाला. रविवारी दुपारी कॉमन रूममध्ये टीव्ही लावत. उल्हास पहिले काही रविवार खोलीतच पडून राहिला. मग एका रविवारी तो मागच्या बाकावर जाऊन बसला. हेल्म उत्तम खेळत होता. बाहेर सगळं शहर त्याच्या नावाच्या जर्सी घालून फिरतंय, असं पहारेकरी सांगायचे. पुढे बसलेला एक जण वळून म्हणाला, "पिचर, तुझा माणूस बघ."

दुसऱ्या पर्वात हेल्म मैदानाच्या मध्यात उंच उडाला. चेंडू त्याच्या बोटांना लागला होता, नजर चेंडूवर होती. समोरच्या टीमचा एक जण त्याच्या मागच्या बाजूने आला आणि हेल्म खाली यायच्या आधीच हवेत त्याला कमरेपासून मोडल्यासारखं धडकला. हेल्मचं डोकं जमिनीवर दोनदा आपटलं. तो पालथा पडला तो पडलाच.

खोली गरजली. बाकावर माणसं उभी राहिली, टेबलांवर हात आपटले गेले. उल्हासला कळलं तेव्हा तोही उभा होता. मूठ वर होती आणि घसा दुखत होता. तोही ओरडला होता. दुःखाने नाही, भीतीने नाही. त्या आवाजात काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो खाली बसला. पडद्यावर पुन्हा दाखवलं, संथ गतीने. त्याची नजर सवयीने मानेकडे गेली, मग पायांकडे. पाय हलत नव्हते. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, हलव, पाय हलव. बऱ्याच वेळाने हेल्मने एक टाच उचलली. दोघांच्या आधाराने तो उभा राहिला, डगमगत बाहेर गेला. तोपर्यंत खोलीतल्या लोकांचं लक्ष उडालं होतं, कुणी पत्ते काढले होते.

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. देवने उचलला. पाहिलं का, असं दोघांनी एकदमच विचारलं.

"मी ओरडलो, देव," उल्हास म्हणाला. "मला बरं वाटलं. त्याला पडलेलं बघून."

देव म्हणाला, "मी वाट बघत होतो, बाबा. मला वाटलं मीपण ओरडेन. आय वॉन्टेड टू. पण त्याचे पाय हलत नव्हते, आणि मग मला दुसरं काही दिसेना." मग तो म्हणाला की आईही शेवटी दारात येऊन उभी होती. हेल्म उठेपर्यंत तिने दाराची चौकट सोडली नाही.

उल्हासच्या मागे फोनसाठी थांबलेल्याने त्याच्या खांद्यावर बोट ठोकलं. उल्हासने देवला आईकडे फोन द्यायला सांगितलं. सुनेत्रा आली. जेवलास का, असं तिने विचारलं. हो म्हणाला तो, बटाटेच होते.